शेवटचा टास्मानियन वाघ: ‘माणसाने संपवला’ म्हणजे नेमका कोणी?

दक्षिणायन:

गेल्या महिन्यात होबार्टला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या राजधानीला, जाऊन आले. मेलबर्नहून विमानाने सव्वा तासाचा रस्ता, तरी अकरा वर्षांत जमलं नव्हतं. तिथल्या संग्रहालयात थायलसिनचं एक दालन आहे. थायलसिन म्हणजे टास्मानियन वाघ. वाघ फक्त नावाला, पाठीच्या मागच्या भागावर काळे पट्टे आहेत म्हणून. अंगलट कुत्र्याची, पण कुत्र्याशी नातं काही नाही. हा कांगारूच्या गोतावळ्यातला, पोटाला पिशवी असलेला शिकारी. लांडग्याचा आणि याचा समान पूर्वज शोधायचा तर सुमारे १६ कोटी वर्षं मागे जावं लागतं, आणि तरी दोघांच्या कवट्या शेजारी ठेवल्या तर भले भले फसतात.

१९३३ च्या डिसेंबरात डेव्हिड फ्ले यांनी होबार्टच्या बोमॅरिस प्राणिसंग्रहालयात याची फिल्म घेतली होती. कृष्णधवल, आवाज नाही, जेमतेम एक मिनिटाची. परत आल्यापासून मी ती कितीदा पाहिली असेल. तो जाळीच्या कडेकडेने येरझाऱ्या घालतो, थांबतो, आडवा होतो, अंग खाजवतो. मध्येच जांभई देतो तेव्हा जबडा उघडतच जातो, आता थांबेल म्हणावं तर आणखी उघडतो. शेपूट कुत्र्यासारखी हलत नाही. बुडाशी जाड आणि ताठ, कांगारूची असते तशी. एवढी एकच गोष्ट बघितली तरी कळतं की हे जनावर आपल्या ओळखीतलं नाही.

मग वाचायला लागले. या प्राण्याच्या मरणाचा चक्क हिशेब ठेवलेला आहे.

१८३० मध्ये व्हॅन डिमेन्स लँड कंपनीने, म्हणजे टास्मानियाच्या वायव्य टोकाला मेंढ्या पाळणाऱ्या लंडनच्या कंपनीने, इनाम लावलं. नर मारला तर ५ शिलिंग, मादी मारली तर ७. मादीचे जास्त का, ते सांगायला नको. ठरावीक संख्या मारून झाली की पुढच्यांचा दर वाढत जाणार, असंही त्यात होतं. म्हणजे जनावर जितकं कमी होईल तितकं ते शोधत हिंडणं परवडावं, याची सोय.

१८८६ मध्ये विषय टास्मानियाच्या संसदेत आला. जॉन लाइन नावाच्या सदस्याने सांगितलं की हे वाघ वर्षाला ३०,००० ते ४०,००० मेंढ्या मारतात. हा आकडा फुगवलेला होता हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. पण त्या दिवशी ठराव मंजूर झाला, १२ विरुद्ध ११. एका मताने. १८८८ पासून सरकारी इनाम सुरू झालं: मोठ्या जनावराला १ पौंड, पिल्लाला १० शिलिंग. मेलेलं जनावर अधिकाऱ्यासमोर आणून टाकायचं. त्याचे कान आणि पायाची बोटं छाटली जायची, म्हणजे तेच धूड दुसरीकडे दाखवून पुन्हा पैसे उचलता येऊ नयेत. १९०९ पर्यंत अशी २,१८४ इनामं दिली गेली.

वर्षावर्षाचे आकडेही आहेत. १९०० साली १५३. १९०६ ला ५८. मग ४२. मग १७. आणि १९०९ मध्ये २. कोणीतरी हे वहीत लिहीत होतं. १७ च्या खाली २ लिहिताना त्याचा टाक जरा तरी अडखळला असेल का, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

१९१७ मध्ये टास्मानियाचं राजचिन्ह मंजूर झालं. ढालीच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत दोन थायलसिन. कायद्याचं संरक्षण तेव्हाही नव्हतं. १९३० च्या मे महिन्यात मॉबॅना इथे विल्फ बॅटी या शेतकऱ्याने एक मारला, रानातला मारला गेल्याची नोंद असलेला तो शेवटचा. संरक्षणाचा हुकूम निघाला १० जुलै १९३६ ला. बोमॅरिसमधलं शेवटचं जनावर मेलं ७ सप्टेंबर १९३६ च्या रात्री. मधे ५९ दिवस.

आता माझा मुद्दा. जिथे जाऊ तिथे एकच वाक्य: ‘मानवी हस्तक्षेपामुळे नामशेष’. मला ते वाक्य खटकतं. त्या बेटावर माणूस सुमारे ४०,००० वर्षं राहत होता आणि थायलसिनही राहत होता. इंग्रज आले १८०३ मध्ये, आणि १३३ वर्षांत सगळं आटोपलं. ‘माणूस’ म्हटलं की ज्यांनी त्याच्या शेजारी हजारो वर्षं संसार केले तेही त्यात आले, आणि ज्यांची मेंढरं, ज्यांची मतं, ज्यांच्या सह्या होत्या तेही आले. सगळे सारखेच जबाबदार झाले की प्रत्यक्षात कोणीच जबाबदार राहत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रानवाट:

लेख मनापासून लिहिलाय, आवडला. पण एक बाजू सुटली आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरही थायलसिन होता. काकाडू, आर्नहेम लँड, मुरुजुगा इथल्या कातळांवर त्याची चित्रं आहेत, पट्ट्यांसकट. तिथून तो सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. तेव्हा तिथे इंग्रज नव्हते. माणसाबरोबर आलेले डिंगो कुत्रे, वाढती वस्ती, बदललेलं हवामान, या सगळ्याचा त्यात हात धरला जातो. टास्मानिया वाचलं कारण समुद्राची पातळी वाढून बासची सामुद्रधुनी तयार झाली आणि डिंगो पलीकडेच राहिले. म्हणजे ‘स्थानिकांनी कधी धक्का लावला नाही’ असं सरसकट म्हणता येणार नाही.

दक्षिणायन:

रानवाट, मुद्दा मान्य आणि तो मी लिहायला हवा होता. स्थानिक लोक देवमाणसं होते असं मला म्हणायचं नाही. शिकार तेही करत असणार. पण मुख्य भूमीवर जे घडलं त्याची कारणं शोधायला आज हाडं आणि गाळ तपासावा लागतो. टास्मानियात हिशेबाची वही उघडली की झालं. तिथे जनावर संपवणं हे ठरवून, मत देऊन, पैसे मंजूर करून केलेलं काम होतं. मला हा फरक मोठा वाटतो.

पानगळ:

‘कोणत्या माणसाने’ हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण तो विचारला की पुढची गोष्ट आपोआप समोर येते. ज्या १८३० मध्ये कंपनीने थायलसिनवर इनाम लावलं, त्याच वर्षी टास्मानियाच्या गव्हर्नरने तिथल्या मूळ रहिवाशांना पकडून आणण्यावर इनाम लावलं होतं. मोठ्या माणसाला ५ पौंड, मुलाला २ पौंड. त्याच वर्षी ‘ब्लॅक लाइन’ झाली: सैनिक, वसाहतवाले आणि कैदी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांची साखळी करून बेटावर हाका घालत निघाले. जनावरांसाठी घालतात तसा हाका, माणसांसाठी. त्याच्या दोन वर्षं आधी, १८२८ मध्ये, केप ग्रिमला कत्तल झाली, ती करणारे याच कंपनीचे मेंढपाळ होते.

कुरणं मोकळी हवी होती. जे त्यात राहत होतं ते सगळं अडचण ठरलं, दोन पायांचं काय नि चार पायांचं काय.

आणखी एक. त्रुगानिनी १८७६ मध्ये वारल्या तेव्हा ‘शेवटची टास्मानियन’ म्हणून जगभर छापून आलं आणि आपल्याकडेही ते तसंच सांगितलं जातं. ते खोटं आहे. पालावा समाज आज टास्मानियात आहे, त्यांनी जुन्या शब्दनोंदींतून पालावा कानी ही भाषा पुन्हा उभी केली आहे आणि त्या भाषेत या प्राण्याला ‘कापारुनिना’ म्हणतात. धाग्यावर निदान एकदा ते नाव यावं म्हणून लिहिलं.

दक्षिणायन:

पानगळ, ५ पौंड आणि २ पौंड हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मला हे माहीत नव्हतं.

मेंढका:

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं. आमचं घराणं मेंढपाळांचं, फलटण बाजूचं. भाऊ अजून कळप राखतो, मी नोकरीपायी पुण्यात.

लांडगा लागणं म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण अशा चर्चेत मेंढपाळ नेहमी एकतर खलनायक असतो नाहीतर अडाणी. मी सात-आठ वर्षांचा असेन. वाड्यावर रात्री कुत्री भुंकायची थांबली. भुंकत होती तोवर आम्ही निवांत होतो, थांबली तशी आजोबा उठून बसले. वाघुरीची जाळी एका कोपऱ्यात खाली आली होती आणि तीन कोकरं गेली होती. दोन नेली, एक तिथंच पडलेलं, मानेला फक्त चार भोकं, बाकी अंगावर ओरखडा नाही. सकाळी त्या तिघांच्या आया दूध दाटलेल्या थानांनी दिवसभर ओरडत फिरत होत्या. आई त्यांच्याजवळ बसून होती, तिने त्या दिवशी भाकरी केली नाही. तेव्हा ज्याची मेंढरं जातात त्याचा राग खोटा नसतो, एवढं धरून चला.

पण आजोबा काय म्हणाले? म्हणाले, त्याचा वाटा त्यानं नेला. शिव्या भरपूर दिल्या. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवलं, जाळी दुरुस्त केली, एक तरणं कुत्रं मागून आणलं. विष घातलं नाही. विष घालणारे आमच्यातही होते आणि आहेत, ते मी झाकत नाही. पण लांडगाच संपवून टाकायचा, एकही ठेवायचा नाही, असा विचार माझ्या आजोबांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. रानात मेंढरं न्यायची तर रानात तो असणारच, हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं.

मला वाटतं फरक इथं आहे. माझ्या आजोबांना त्या रानातून पुढच्या वर्षी परत जायचं होतं. कंपनीचा मालक लंडनला बसलेला. कळप राखायला पगारावरचा माणूस, आणि वरती लिहिलंय तसा हिशेब. राखणाऱ्याच्या हातून मेंढी हरवली, चोरीला गेली, थंडीनं मेली, तर त्याला जाब द्यायचा असणार. ‘वाघानं नेली’ म्हटलं की विषय संपला. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच सांगितलं असतं.

पानगळ:

मेंढका, तुमचा अंदाज बरोबर आहे. कंपनीचे बरेचसे मेंढपाळ म्हणजे शिक्षा होऊन इंग्लंडहून आलेले कैदी होते, कामाला जुंपलेले. आणि मोकाट कुत्री, चोऱ्या, थंडी-पाऊस, ढिसाळ कारभार या सगळ्याने मेंढ्या जात होत्या, हे आता अभ्यासक मांडतात. खापर मात्र एकावर.

जुई:

मेंढका दादा, कुत्री भुंकायची थांबली हे वाचून काटा आला.

शास्त्राच्या बाजूने थोडी भर घालते. जुन्या पुस्तकांत थायलसिनचं वजन ३० किलोच्या आसपास दिलेलं असे. २०२० मध्ये मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी संग्रहालयांतले नमुने मोजून नवा हिशेब मांडला, सरासरी साधारण १७ किलो. म्हणजे आपल्या गल्लीतल्या एखाद्या दणकट कुत्र्याएवढा. २०११ मध्ये न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने कवटीवर पडणाऱ्या ताणाचा संगणकावर अभ्यास केला. त्यात निघालं की जबडा खूप मोठा उघडत असला तरी झटापट करणारं मोठं भक्ष्य पेलण्याजोगा नव्हता, साधारण ५ किलोच्या आतली शिकार त्याला सोयीची. कोकरू किंवा कोंबडी नेली असेल, नाही म्हणत नाही. पण वर्षाला हजारो मेंढ्या? तो जबडा जांभईतच भीतीदायक होता.

सदाफुली:

सगळं वाचून वाईट वाटलंच, पण एक प्रामाणिक शंका. आपण आजच्या चष्म्यातून त्या काळाकडे बघतोय का? तेव्हा ‘प्रजाती नष्ट होते’ ही कल्पनाच लोकांना नव्हती. रान अमर्याद आहे असंच वाटत असणार. मग त्यांना दोष कसा द्यायचा?

दक्षिणायन:

सदाफुली, मलाही सुरुवातीला असंच वाटलं होतं. पण कागद वेगळं सांगतात. निसर्गअभ्यासक जॉन गुल्ड यांनी १८६३ मध्येच लिहून ठेवलं होतं की टास्मानियात वस्ती वाढली की हा प्राणी संपेल, इंग्लंड-स्कॉटलंडमधला लांडगा संपला तसा. म्हणजे सरकारी इनाम सुरू होण्याच्या २५ वर्षं आधी. १९१४ मध्ये टास्मानिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्लिन यांनी सुचवलं की उरलेली जनावरं एखाद्या बेटावर नेऊन राखावीत. संग्रहालयाचे संचालक क्लाइव्ह लॉर्ड १९२० च्या दशकात संरक्षण मागत होते. १९२८ मध्ये सरकारच्याच सल्लागार समितीने राखीव क्षेत्राची शिफारस केली. आणि १९२६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने एका थायलसिनसाठी १५० पौंड मोजले होते. ज्याच्या मढ्याला एकेकाळी १ पौंड मिळत होता, त्याच्या जिवंतपणाला १५० मिळत होते. दुर्मीळ झालाय हे बाजाराला कळलं होतं. कायद्याला कळायला आणखी दहा वर्षं लागली.

माहीत नसलेले लोकही होते, हे मान्य. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आलेला वाघ मारणाऱ्या बॅटीला तो शेवटचा आहे हे कुठून कळणार? त्याला मी दोष देत नाही. दोष देते तो ज्यांच्या टेबलावर शिफारशी येऊन पडल्या होत्या त्यांना.

सदाफुली:

१८६३ चं माहीत नव्हतं. शंका मागे घेते.

शाईची दौत:

इनामाची ही पद्धत एकट्या टास्मानियाची नव्हती, साम्राज्यभर होती. आपल्याकडे इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदी चाळून काढलेला हिशेब असा: १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात इनामासाठी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. आपला देश मोठा, म्हणून काही उरले. टास्मानिया महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडंसं मोठं, चहूबाजूंनी समुद्र. तिथून जाणार कुठे?

रोगाचा मुद्दाही कोणीतरी काढेल म्हणून आधीच लिहितो. १८९० च्या दशकाच्या शेवटी पिंजऱ्यातल्या थायलसिनांमध्ये डिस्टेम्परसारख्या (कुत्र्यांना होणाऱ्या एका रोगासारख्या) साथीच्या नोंदी आहेत, थायलसिनचे अभ्यासक रॉबर्ट पॅडल यांनी त्या गोळा केल्या. इनामाचे आकडे १९०५ नंतर एकदम कोसळले त्यामागे साथ असेल असं काहींना वाटतं. पण २०१३ मध्ये अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी गणिती प्रारूप मांडलं, त्यात शिकार, कुरणांसाठी गेलेलं रान आणि कमी झालेलं भक्ष्य एवढं धरलं तरी प्राणी संपतो, साथीची गरजच पडत नाही. साथ आली असेल तर तिने आधीच खिळखिळं झालेलं घर पाडलं.

गोदाकाठ:

५९ दिवसांबद्दल कोणी अजून सविस्तर लिहिलं नाही. ते शेवटचं जनावर कसं मेलं?

दक्षिणायन:

गोदाकाठ, हे लिहायचं मी टाळत होते. लिहिते.

बोमॅरिसचे अभिरक्षक आर्थर रीड १९३५ च्या डिसेंबरात वारले. त्यांची मुलगी अ‍ॅलिसन वडिलांच्या आजारपणापासून जनावरांचं सगळं पगाराशिवाय बघत होती. मंदीचे दिवस, प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्यांना खर्च कमी करायचा होता. नंतर तिच्याकडची किल्ली काढून घेतली. ती राहायची आवाराला लागूनच. कामावर घेतलेली नवखी माणसं संध्याकाळी जनावरांना आतल्या निवाऱ्यात घेत नसत, आणि रात्री थंडीत बाहेर राहिलेल्या जनावरांचं ओरडणं तिला घरात ऐकू येई, असं तिने म्हातारपणी पॅडल यांना सांगितलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे दिवस तापलेले आणि रात्री गोठवणाऱ्या होत्या. पिंजऱ्यात सावली नव्हती.

वर्षानुवर्षं सगळ्यांना वाटत होतं की फ्ले यांच्या फिल्ममधला नर तोच शेवटचा. त्याला ‘बेंजामिन’ हे नावही नंतर कोणीतरी चिकटवलं. २०२२ मध्ये पॅडल आणि कॅथरिन मेडलॉक यांनी उलगडा केला की शेवटची ती एक म्हातारी मादी होती. इलायस चर्चिल नावाच्या फासेवाल्याने पकडून १९३६ च्या मे महिन्यात विकलेली. फासे लावणं बेकायदा होतं म्हणून विक्रीची नीट नोंद केली नाही. मेल्यावर तिचं शव संग्रहालयात गेलं, कातडं कमावलं, सांगाडा पाच पुठ्ठ्यांवर लावला आणि शाळाशाळांमधून मुलांना दाखवायला फिरवला. पुढे सगळं एका कपाटात पडून राहिलं. ८५ वर्षं लोक तिचे अवशेष हरवले म्हणून शोधत होते आणि ते त्याच इमारतीत होते, शेवटची म्हणून कोणी ओळखलं नाही इतकंच. आता त्या दालनात आहे ते तिचं कातडं. मी त्याच्यासमोर उभी होते. पट्टे फिक्कट झालेत, कडा शाळकरी हातांनी मळल्यासारख्या गुळगुळीत.

आणि बोमॅरिसच्या जागी आता काही नाही. सिमेंटच्या चार कुंपणभिंती आणि एक लोखंडी फाटक.

गोदाकाठ:

पगाराशिवाय बघत होती, आणि किल्ली काढून घेतली. हे वाचून पुढचं वाचवेना.

रानवाट:

तो परत आणायच्या प्रयत्नांबद्दल काय वाटतं? २०१७ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या अँड्र्यू पास्क यांच्या गटाने, अल्कोहोलमध्ये जपून ठेवलेल्या पिल्लापासून पूर्ण जनुकसंच वाचला. २०२२ पासून ते एका अमेरिकी कंपनीबरोबर काम करतात. जवळचा नातेवाईक म्हणून डनार्ट नावाचा, उंदराएवढा पिशवीवाला प्राणी निवडलाय, त्याच्या पेशींत थायलसिनची जनुकं बसवायची. २०२३ मध्ये स्टॉकहोमच्या संग्रहालयातल्या १३० वर्षं जुन्या नमुन्यातून आरएनएही (पेशीत जनुकांचा निरोप वाहणारा रेणू) मिळालं. मला हे थरारक वाटतं. आपण बिघडवलं, आपण दुरुस्त करू शकत असू तर का नाही?

जुई:

विज्ञान म्हणून मलाही थरारक वाटतं. पण डनार्ट १५ ग्रॅमचा. त्यातून जे येईल त्याला शिकार कोण शिकवणार? थायलसिनची आई नाही. आणि टास्मानियन डेव्हिल, म्हणजे तिथलाच दुसरा पिशवीवाला शिकारी, आज जिवंत असून त्याची काय गत आहे बघा. १९९६ मध्ये चेहऱ्यावर गाठी येणारा संसर्गजन्य कर्करोग दिसला, त्यानंतर त्यांची संख्या ८० टक्क्यांपर्यंत घटली. निरोगी डेव्हिल २०१२ मध्ये मारिया बेटावर नेऊन सोडले, डेव्हिल वाढले, पण तिथली छोट्या पेंग्विनांची सुमारे ३,००० जोड्यांची वसाहत संपली. जिवंत जनावर दहा-वीस कोसांवर हलवलं तर हे होतं.

मेंढका:

रानवाट साहेब, मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण एक विचारतो. तो तयार झाला आणि सोडला, आणि पहिल्याच महिन्यात त्यानं कोणाचं कोकरू नेलं, तर काय करायचं हे ठरलंय का? ते आधी ठरवावं.

रानवाट:

मेंढका, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सदाफुली:

अजूनही दिसतो म्हणणारे लोक आहेत ना?

शाईची दौत:

आहेत. टास्मानिया विद्यापीठातल्या गटाने १९१० पासूनच्या १,२३७ नोंदी तपासल्या, २०२३ मध्ये ते छापून आलं. त्यांचं म्हणणं, १९३६ नंतरही काही दशकं तुरळक जनावरं रानात तगून असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा राखायला कोणीतरी होतं. आंतरराष्ट्रीय यादीत नामशेष म्हणून नोंद १९८२ ची.

मेंढका:

दक्षिणायन ताई, शेवटचं विचारतो. तिथं ज्याची मेंढी खरंच गेली, त्याला मेंढीचे पैसे मिळायचे का?

दक्षिणायन:

सरकारी इनाम मेलेल्या वाघावर होतं, मेंढका दादा. वाघ आणून टाकला की पौंड. त्याने मेंढी मारली होती की नाही हे कोणाला दाखवावं लागत नव्हतं. ज्या वाघाने आयुष्यात मेंढी बघितली नाही त्याचेही तेवढेच.

मेंढका:

मग ती मेंढीसाठीची योजनाच नव्हती.

आमच्याकडे मेंढीचे मिळतात. उशिरा मिळतात, कागद पुरे करता करता माणूस थकतो, पण मिळतात. भावाची दोन गेली गेल्या आठवड्यात. मी त्याला फोनवर सांगितलं, हात लावू नको, फोटो काढ, पंचनामा होऊ दे. झाला. तो म्हणाला, लांडगीण काल ओढ्याच्या कडेनं जाताना दिसली, मागं दोन पिल्लं. कुत्री अजून एक आणायला सांगितलंय.